सासूबाई नावाची चिप

४ जानेवारी

जाऊबाई, नमस्कार.

पाकीट बघून दचकू नका. कुणी आजारी नाही, कुणी पडलं नाही, तुमच्या दिरांनी नोकरीही सोडलेली नाही. पत्र लिहायचं कारण एवढंच की तुम्ही 'झेप'मध्ये आणि मी 'उल्का'मध्ये, आणि दोन्ही कंपन्या प्रोसेसर बनवून एकमेकींच्या उरावर बसतात. नोकरी लागताना सही केलेले नियम परवा पुन्हा वाचले. समोरच्या कंपनीतल्या माणसाशी फोन, ईमेल, मेसेज, प्रत्यक्ष भेट, सगळं बंद, 'मग ते घरचे नातेवाईक का असेनात'. पोस्टाचं नाव मात्र कुठेच नाही! नियम करणाऱ्याने जन्मात पाकीट चिकटवलेलं नसणार.

हे तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय. तुम्हीही उत्तर माझ्या ऑफिसातच पाठवा. घरचं टपाल सासूबाई सगळ्यांच्या आधी उघडतात, आणि पत्राचा विषय तर त्याच आहेत.

त्या आमच्याकडे येऊन महिना झाला. तुम्ही त्यांना एवढी वर्षं सांभाळलंत कसं? आपण दोघी इंजिनिअर, तेव्हा आपल्याच भाषेत सांगते. सासूबाई एका वेळी चार कामं करतात: फोनवर बोलणं, भाजी निवडणं, टीव्हीवरच्या बातमीदाराला उलट उत्तरं देणं आणि माझ्यावर नजर ठेवणं. चारातल्या एकाचाही वेग कमी होत नाही. विजेचा खर्च म्हणाल तर दिवसाला दोन कप चहा. स्मरणशक्ती अफाट, पण जुन्यालाच धरून. माझ्या लग्नात मी कुणाला नमस्कार करायला विसरले ते तारखेसकट आठवतं, आणि सकाळी सांगितलेलं दुपारी साफ पुसलेलं. आणि तापतात! क्षणात तापतात, थंड व्हायला मात्र अख्खा दिवस.

तुम्ही तर झेपमध्ये चिपा तापवून बघायचंच काम करता. काही उपाय सुचवा.

तुमची,
धाकटी

---

२२ जानेवारी

प्रिय धाकटीस,

तुझं पत्र मिळालं. पाकीट कुणीतरी फाडून चिकटपट्टीने पुन्हा चिकटवलेलं होतं. हल्ली पोस्टातही कामाला कुणाला घेतात देव जाणे.

सासूबाईंबद्दल वाचून करमणूक झाली. आता घे उपाय. त्या तापल्या की काम कमी करावं असं तुला वाटेल. तिथेच फसशील. काम काढून घेतलं की दुप्पट तापतात. हलकं काम देत राहायचं. कपाट लावायला द्यावं, लावून झालं की दुसरं द्यावं. पूर्ण बंद अशा त्या कधीच होत नाहीत, झोपेतसुद्धा थोड्या चालूच असतात. माझ्याकडे होत्या तेव्हा पंखा लावून पाहिला. उपयोग शून्य.

त्यांची खरी ताकद तुझ्या अजून लक्षात आलेली नाही. आपण काय मागणार हे त्या आधीच ओळखतात आणि आपण तोंड उघडायच्या आत काम करून मोकळ्या होतात. अंदाज बरोबर आला तर 'मला माहीतच होतं'. चुकला तर चूक आपली, कारण आपण वेळेवर मत बदललं! असं आपल्या एकाही प्रोसेसरला अजून धड जमलेलं नाही.

आमच्या ऑफिसात सध्या धावपळ आहे. मोठ्या साहेबांनी सगळ्यांना सभागृहात कोंबलं आणि म्हणाले, "आपल्याला वेग न घालवता चार कामं करणारी चिप पाहिजे. दोन कप चहाइतक्या विजेवर." चहाचं माप कुठून काढलं कुणास ठाऊक. विचारायची कुणाची छाती झाली नाही. तुला आपल्या दोन कंपन्यांचा इतिहास ठाऊकच आहे. मुळात एकच कंपनी होती, दोन मित्रांची. एक म्हणाला चिप वेगवान हवी, दुसरा म्हणाला त्याहून वेगवान हवी, आणि एवढ्या मतभेदावर त्यांनी खुर्च्यासुद्धा वाटून घेतल्या. त्या दिवसापासून उल्का शिंकली की झेपला सर्दी होते.

तुझी,
थोरली जाऊ

---

१८ मार्च

जाऊबाई,

उत्तराला उशीर झाला. रागावले होते म्हणून झाला, आणि ते लपवणार नाही.

तुमचं मागचं पत्र आलं (माझंही पाकीट फाटलेलं होतं) आणि त्याच आठवड्यात आमच्याकडे फर्मान निघालं. झेपने म्हणे अशी चिप केलीय की माणूस काय मागणार ते आधी ओळखते! आमचा अख्खा तिसरा मजला आता तेवढ्या एकाच कामाला जुंपलाय. माझं जुनं काम, वर्षभर रक्त आटवून केलेलं, गेलं कपाटात.

तुम्ही काय करता ते मी कधीच विचारलं नाही, नियम आहे. पण जावेला नुसता डोळा तरी मारायचा! 'असं आपल्या एकाही प्रोसेसरला जमलेलं नाही' असं मला लिहून पाठवता आणि तिकडे चिप तयार? केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

असो. माझी घरी यायची वेळ आता कशालाच धरून नाही. तुमचे दीर एकटे सासूबाईंना पुरे पडत नाहीत. परवा ह्यांना जिन्यात बसून बिस्किटं खाताना शेजाऱ्यांनी पाहिलं. तेव्हा ठरल्याप्रमाणे पुढच्या शनिवारी सासूबाईंना तुमच्याकडे पाठवते. दुपारच्या गाडीने पोचतील. सांभाळून उतरवून घ्या. सोबत औषधं आहेत, आणि सासूबाई कशा वापरायच्या त्याच्या सूचना मी वेगळ्या कागदावर लिहिल्यात.

धाकटी

---

३१ मार्च

प्रिय धाकटीस,

आधी तुझा राग. आमच्याकडे तसली चिप नाही. असती तर तुला सांगितलं नसतं हे खरं, पण मग मी तुला खोटंही लिहिलं नसतं, विषय टाळून गप्प बसले असते. एवढी तर ओळख आहे ना माझी? उलट इकडे सगळे म्हणतात की चार कामांची चिप उल्काने केलीय, आणि आम्ही तुमच्या मागे धापा टाकत पळतोय. दोघींपैकी कुणाच्या तरी साहेबांना भास होतायत.

आता मजा ऐक. सासूबाई सुखरूप पोचल्या. मी स्टेशनवर जरा उशिरा गेले, तर फलाटावर आमच्याच कंपनीचे दोन सुरक्षारक्षक! काळे चष्मे, आणि हातात आतून स्पंज लावलेली एवढीशी पेटी. सासूबाई त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या. मी पोचायच्या आत झालं होतं ते असं (हे सगळं सासूबाईंच्या तोंडून):

"आम्ही सासूबाईंना ताब्यात घ्यायला आलोय."

"मीच सासूबाई. केवढा उशीर! त्या बॅगा उचला."

"पण आम्हाला वाटलं... या पेटीत..."

"पेटी छान आहे. माझा चष्मा ठेवायला होईल. अरे, कंबरेतून वाकू नकोस! गुडघे वाकव, पाठ सरळ!"

शाळेत तीस वर्षं खेळाच्या बाई होत्या, ते आवाजात मुरलंय. दोघांनी सामान आमच्या दारापर्यंत आणलं. जाताना एकाने कळवळून विचारलं, "बाई, वर काय सांगू?" त्या म्हणाल्या, "सांग, सासूबाई पोचल्या."

त्याने नेमकं तेच सांगितलं असावं. सोमवारी मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं, दोन्ही हातांनी माझा हात दाबला आणि म्हणाले, "तुम्ही कंपनीसाठी जे केलंत ते मी विसरणार नाही." मी विभागप्रमुख झाले! काय केलं ते विचारलं, तर ओठांवर बोट ठेवून हसले. मीही हसले. बढतीच्या दातांची मोजदाद करू नये.

तुझी,
थोरली जाऊ

---

१४ एप्रिल

जाऊबाई,

घात झालाय. मला कामावरून थांबवलंय. 'सासूबाई' नावाची चिप चोरून झेपला दिल्याचा आरोप आहे.

होय, बरोबर वाचलंत. चिप.

काल चौकशी समितीने बोलावलं. टेबलावर तुमच्या दोन्ही पत्रांच्या प्रती! अधोरेखित केलेल्या! सुरक्षाप्रमुखांनी खर्जात वाचलं, "'झोपेतसुद्धा थोड्या चालूच असतात.' या तंत्रज्ञानाबद्दल खुलासा करा." मला हसू फुटलं. ते थांबेचना. नोंद झाली: 'आरोपीला पश्चात्ताप नाही.'

मी जीव तोडून सांगितलं की सासूबाई म्हणजे माझ्या नवऱ्याची आई. ते एकमेकांकडे बघून कीव आल्यासारखे हसले. कंपनीच्या वकीलबाई म्हणाल्या, "हे टोपणनाव आहे हे आम्हीही जाणतो." आणि गंमत बघा, अशी चिप आमच्याकडे कुणी केलेलीच नाही. पण आरेखनवाल्यांना वाटतं चाचणीवाल्यांनी केली, चाचणीवाल्यांना वाटतं आरेखनवाल्यांनी. 'मला माहीत नाही' म्हणायची हिंमत कुणातच नाही. मोठे साहेब तर म्हणाले, "सासूबाईंवर आपण फार मेहनत घेतली होती." त्या वाक्याला मी कशी शांत बसले ते माझं मला माहीत.

सोमवारी सासूबाईंना समितीपुढे हजर केलं तर सुटले, नाहीतर नोकरी गेली. आणि नुसती नोकरी नाही, या धंद्यात चोरीचा शिक्का बसलेल्याला दारातही उभं करत नाहीत.

त्यांना आणायचं तर आपण काय काय लिहिलं ते त्यांना कळणार. एकीकडे आड, दुसरीकडे सासूबाई. तुम्हीच सांगा.

धाकटी

ता. क. हे पत्रसुद्धा तुमच्या आधी कुणीतरी वाचणार. वाचणाऱ्या गृहस्थांना नमस्कार. चिकटपट्टी जरा सरळ लावा.

---

१७ एप्रिल

प्रिय धाकटीस,

हे पत्र तुझ्या नवऱ्याच्या नावाने घरी पाठवतेय.

तुझं पत्र वाचलं तशी थेट साहेबांकडे गेले आणि खरं ते सांगितलं. त्यांनी टेबलावरचा कप बाजूला सरकवला. मग एवढंच विचारलं, "म्हणजे दोन कप चहा... चहाच?" मी हो म्हटलं. बढती जेवणाच्या सुट्टीपर्यंत गेलेली होती.

संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं. सगळं. मला वाटलं तापतील. तापल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या भाजी निवडत होत्या, टीव्ही चालू होता, फोन कानाला होता. फोन ठेवला. टीव्ही बंद केला. भाजीचं ताट बाजूला सारलं. असं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. मी काहीतरी पुटपुटले की थट्टा होती, प्रेमानेच लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, "प्रेमाचं असतं तर घरी लिहिलं असतंत."

यावर तुझ्याकडे उत्तर असलं तर कळव.

मग उठल्या, बॅग काढली आणि विचारलं, "सोमवारी किती वाजता पाहिजे मी?"

थोरली

---

२३ एप्रिल

जाऊबाई,

सुटले! आणि आता दोन्ही कंपन्यांनी आपल्याला लेखी परवानगी दिलीय: 'सासूबाईंविषयीच्या पत्रव्यवहारास हरकत नाही.' शिक्क्यानिशी.

पण आनंद व्हायला हवा तसा होत नाहीये. झालं ते क्रमाने सांगते.

सासूबाई इस्त्रीची साडी नेसून, पायात शाळेतले ते खेळाचे पांढरे बूट घालून आल्या. समितीने टेबलावर भिंग, हातमोजे आणि मखमलीचा तुकडा मांडून ठेवला होता. मोठे साहेब म्हणाले, "वस्तू?"

"वस्तू उभी आहे," सासूबाई म्हणाल्या. "खुर्ची द्यायची पद्धत आहे का इथे?"

चार खुर्च्या एकदम सरकल्या. त्यांनी फाईल मागितली. द्यायची की नाही यावर वकीलबाई बोलणार इतक्यात ती सासूबाईंच्या हातात होतीसुद्धा. त्यांनी सगळी पत्रं वाचली. तुमची आणि, झेपने पाठवलेल्या प्रती होत्या म्हणून, माझीही. पंख्याचा आवाज येत होता. मी टेबलाच्या लाकडातल्या रेघा बघत होते.

"'क्षणात तापतात,'" त्या म्हणाल्या. "बरोबर आहे. 'स्मरणशक्ती अफाट, पण जुन्यालाच धरून,' तेही बरोबर. 'चूक आपली' हेही बरोबर, चूक यांचीच असते." मग फाईल मिटली. "तर इतके महिने तुम्ही एक मजलाभर माणसं माझ्यासारखी चिप करायला बसवलीत?"

साहेबांनी मान हलवली.

"जमली?"

"चार कामं जमली. अंदाज घेणंही बरंचसं जमतंय."

"आणि तापणं?"

साहेब खाली बघून म्हणाले, "ते सगळ्यात आधी जमलं."

सुरक्षाप्रमुख हसले. मग वकीलबाई. मग सगळेच, मीसुद्धा. फक्त सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "माझ्या सुनेची नोकरी शाबूत?" साहेब हो म्हणाले. "लिहून द्या." लिहून दिलं. त्यांनी कागद वाचला, एक वेलांटी दुरुस्त करून घेतली, घडी करून माझ्या हातात ठेवला. माझ्याकडे बघितलं मात्र नाही.

खाली आल्यावर मी गाडीचं दार उघडलं. त्या म्हणाल्या, "मला बहिणीकडे सोड." वाटेत मी माफी मागितली. त्यांनी काच खाली केली आणि वारा घेत बसल्या.

तेव्हापासून माझा फोन उचलत नाहीत. तुमचा?

धाकटी

---

९ जून

प्रिय धाकटीस,

माझाही उचलत नाहीत. मी दोन पत्रं टाकली, यांनी एक. उत्तर नाही. मावशींनी एवढंच सांगितलं की तब्येत उत्तम आहे, वरच्या मजल्यावरची खोली घेतलीय आणि 'निवांत' कंपनीत नोकरी लागलीय! निवांत म्हणजे तीच, धुलाई मशीन आणि लिफ्टसाठी स्वस्तातल्या संथ चिपा करणारी. आपण दोघी जिला हसायचो. तुमच्या त्या वकीलबाई त्यांचंही काम बघतात म्हणे, त्यांनीच शब्द टाकला.

मी गेले होते मावशींकडे. सासूबाई कामावर गेल्या होत्या. म्हणजे मावशी तसं म्हणाल्या, पण वरच्या खोलीचा पडदा हलला.

परवा माझी भाजी करपली. मी आपोआप वळून उभी राहिले, आता ऐकायला मिळणार म्हणून. कुणी काहीच बोललं नाही. हे निमूट जेवले आणि 'छान झालीय' म्हणाले. मला रडू आलं.

थोरली

---

२० जुलै

दोघींना,

तुमची पत्रं मिळत होती. उत्तर द्यायचं नव्हतं म्हणून दिलं नाही. पोस्टाला दोष देऊ नका.

वाईट वाटलं होतं. चिप म्हटल्याचं नाही. तुम्ही दिवसभर चिपांचंच करता, चांभाराला चपला दिसतात तसं ते. वाईट याचं वाटलं, की दोन सुनांना माझ्याबद्दल बोलायला दोन कंपन्यांच्या दारातून पत्रं फिरवावी लागतात आणि मला सांगायला एकीलाही दार सापडत नाही. मी तुमच्यावर नजर ठेवते असं लिहिलंस, धाकटे. दिवसभर त्या घरात मी दुसरं बघायचं कुणाकडे? हे मीही तोंडाने सांगितलं नव्हतं. म्हणजे फिटंफाट झाली. तो विषय मी संपवला. तुम्हीही संपवा, पुन्हा माफी मागितलीत तर तापेन.

आता माझं ऐका. मी तक्रारींच्या फोनवर बसते. लोक चिडून फोन करतात, मशीन बंद पडलं, लिफ्ट अडली. पहिल्या दिवशी मला कागद दिला, 'आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत' असं म्हणा. मी म्हटलं, आधी चूक कुणाची ते बघू, मग दिलगीर होऊ. एक गृहस्थ ओरडत होते की मशीन चालू होत नाही. विचारलं, झाकण लावलंत? म्हणाले, ते राहिलंच. म्हटलं, लावा, मी थांबते. एका बाईंच्या मशीनमधून खडखड येत होती, त्यांच्या नवऱ्याला खिशातून नाणी काढायची शिस्त नाही. त्यांना नवऱ्याला फोनवर बोलवायला लावलं. माझ्यानंतर तक्रारी निम्म्यावर आल्या. साहेब म्हणतात चिपा सुधारल्या. मला वाटतं एकदा माझ्याशी बोललेला माणूस पुन्हा फोन करत नाही. काहीही असो, पगार वाढवलाय.

आमच्या चिपा संथ आहेत, तुम्ही हसता. पण त्या एका वेळी एकच काम करतात आणि दुसरीकडे लक्ष देत नाहीत. शेजारी बसून बघितलं की बरं वाटतं. मी हल्ली जेवताना फोन घेत नाही. भाजीला चव असते, हे साठीनंतर कळलं.

आता कामाचं. परवा दुपारी एका बाईचा फोन आला. आवाज नाकातून काढलेला, तोंडावर रुमाल धरलेला. म्हणाली, "मशीन आवाज करत नाही." मी म्हटलं, मग उत्तम आहे. तर म्हणाली, "नाही हो, फार शांत झालंय, घर खायला उठतं." आणि फोन ठेवला. तासाभराने दुसरी. हिचा आवाज जाड केलेला. हिच्या मशीनमध्ये भाजी करपली होती म्हणे. धुलाई मशीनमध्ये! मी काही बोलायच्या आत हुंदका आला आणि फोन कापला गेला.

आमच्याकडे फोनवर न मिटलेल्या तक्रारीला घरी जाऊन पाहणी करावी लागते. दोन्ही तक्रारी मी माझ्याच नावावर लावून घेतल्या आहेत. शनिवारी धाकटीकडे येते, रविवारी थोरलीकडे. माझ्या दोन्ही मुलांना घरी थांबायला सांगा.

आणि दोघींकडे निवांतचं मशीन नाही हे मला ठाऊक आहे. शनिवारच्या आत विकत घ्या. मी पाहणीच्या कागदावर खोटं लिहिणार नाही.

सासूबाई